गुरुवारचं पान

माझ्या धाकट्या नातीला सुईण व्हायचं होतं आणि त्यासाठी ती चार वर्षांची नर्सिंगची डिग्री करत होती. सुईण हा शब्द तिला खपायचा नाही. "मिडवाइफ म्हण, अज्जी," म्हणायची. मी म्हणायची, "पोर नऊ महिन्यांत होतं. ते बाहेर काढायला शिकायला चार वर्षं?" त्यावर ती म्हणायची, "तुमच्या वेळी बायका मरायच्या, म्हणून." ते खरं होतं.

मी चौथी शिकलेली. इथे कन्नड मुलखात, शिवाजीनगरजवळच्या एका प्रसूतिगृहात तीस वर्षं आया होते. चादरी धुतल्या, बादल्या उचलल्या, कळा देणाऱ्या बायकांचे पाय धरले. किती पोरं जन्मताना पाहिली ते मोजलं नाही. जी रडली नाहीत तेवढी आठवतात.

त्या वर्षी थोरली नात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, म्हणजे मारतहळ्ळीला माझ्या मुलाच्या घरी. नातजावई हुबळीला नोकरीवर. मुलगा आणि सून सकाळी सातलाच महादेवपुऱ्याची बस धरायचे. दिवसभर घरात मी आणि थोरली, संध्याकाळी धाकटी कॉलेजातून आली की तिघी.

धाकटीचं ते शेवटचं वर्ष. त्या वर्षात पोरींना एक जाड वही भरावी लागते. ठरलेल्या संख्येने गरोदर बायका तपासायच्या, बाळंतपणं स्वतःच्या हाताने करायची, प्रत्येकीचं पान लिहायचं आणि पानावर मॅडमची सही घ्यायची. वही अपुरी असेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. त्यातच एका बाईला शेवटपर्यंत दर आठवड्याला तपासून तिची पानं सलग लिहायची असतात. धाकटीने त्यासाठी बहीणच निवडली. घरातलंच पोट. कुणाच्या दारात जाऊन उभं राहायला नको.

सुरुवातीला ती नीट करायची. हात धुवून, चोळून गरम करून पोट चाचपायची. मग कर्ण्यासारखी एक नळी पोटावर टेकवून तिला कान लावायची आणि घड्याळाकडे बघत पुरतं एक मिनिट बाळाचे ठोके मोजायची. तेवढा वेळ आम्ही बोलायचं नाही. कुकरची शिट्टी झाली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या वेळच्या सिस्टर पाव मिनिट मोजून चौपट करायच्या. त्यामानाने ही बरी, असं मला वाटायचं.

पुढे तिच्या वॉर्डातल्या ड्यूट्या वाढल्या. घरी यायची ती बूट न काढता पलंगावर आडवी व्हायची. थोरली म्हणायची, "काय गं डॉक्टरीणबाई, आज पोट बघायचंय ना?" ती म्हणायची, "उद्या, अक्का. स्वल्प पडू दे." उद्याचा परवा व्हायचा. वहीत मात्र पान भरलेलं असायचं.

एका रविवारी दुपारी मी डाळ निवडत बसले होते आणि ती समोर वही भरत होती. मला इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. तारखेच्या जागी तिने येणाऱ्या गुरुवारची तारीख घातली होती.

मी म्हटलं, "अगं, गुरुवार अजून उगवला नाही."

"उद्या मॅडम सह्या करणार, अज्जी. नंतर पंधरा दिवस त्या रजेवर. सगळ्याच मुली पुढचं पान लिहून नेतात."

"ठोके किती लिहिलेस?"

"एकशे बेचाळीस. मागच्या वेळी एकशे चाळीस होते. सारखेच आकडे लिहिले तर मॅडम ओरडतात."

मी हसले. हसले हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्या प्रसूतिगृहात सकाळचा ताप मोजायचं काम सिस्टरचं होतं. तिला उशीर झाला की ती दारातूनच मला सांगायची, "सगळ्यांना अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिही, एखादीला सहा." इंग्रजी आकडे मी तिथे शिकले. खोटं कसं लिहायचं हे मला शिकलेल्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे नातीचं पान बघून मला धक्का वगैरे बसला नाही. सोमवारी मॅडमने सही केली.

गुरुवारी सकाळी मुलगा आणि सून गेल्यावर थोरलीला चहा दिला. तिने तो हातात धरून ठेवला. साय आली तरी प्याली नाही.

"काय होतंय?"

"काही नाही. बाळ शांत आहे."

"केव्हापासून?"

"काल संध्याकाळपासून असेल. आता शेवटी शेवटी जागा कमी पडते ना, म्हणून शांत होतात म्हणे."

हे वाक्य मी वॉर्डात बऱ्याच बायकांच्या तोंडून ऐकलं होतं. ते म्हणणाऱ्या सगळ्याच पोर घेऊन घरी गेल्या नाहीत. तिला डाव्या कुशीवर निजवलं, साखर घालून गार दूध पाजलं आणि पोटावर हात ठेवून बसले. पोट माझ्या हाताखाली नुसतं पडून होतं. कुठे टाच नाही, कोपर नाही. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटं गेली.

"काल रात्रीच का सांगितलं नाहीस?"

"सांगणारच होते. पण ही झोपली होती. मग मी तिची वही उघडून बघितली. ठोके एकशे बेचाळीस, हालचाल चांगली, असं लिहिलं होतं. म्हटलं, संध्याकाळी माझा डोळा लागला तेव्हा हिने ऐकलं असेल."

धाकटी दारात वेणी घालत उभी होती. तिचे हात थांबले. बहिणीने तारीख बघितली नव्हती. कोण बघतं?

ती नळी घेऊन गुडघ्यांवर बसली. एका जागी कान लावला, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या. मी विचारलं, "किती?" ती म्हणाली, "ऐकू येतंय काहीतरी. पण ते अक्काचे ठोके आहेत की बाळाचे, ते कळत नाहीये." तिचा चेहरा कणकेसारखा झाला होता. मी म्हटलं, "ऊठ. ऑटो बघ."

रिंग रोडवर गाड्या तुंबल्या होत्या. ऑटोवाला कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जी, मी काय उडवून नेऊ?" मी म्हटलं, "उडव." तो एका दुकानाच्या फुटपाथवरून गेला आणि शिव्या त्याने खाल्ल्या. त्या माणसाचे उपकार आहेत. थोरली पोटाला दोन्ही हात लावून बसली होती आणि दर थोड्या वेळाने बहिणीला विचारत होती, "तू ऐकलं होतंस ना? काल ठीक होतं ना?" धाकटी बाहेर बघत होती.

तिच्या कॉलेजचंच सरकारी रुग्णालय. बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर बायकांची रांग. टेबलाशी एक तरुण डॉक्टरीण होती, रात्रपाळी करून डोळे सुजलेली. तिने विचारलं, "तपासलं कुणी?"

"माझ्या बहिणीनेच. तुमच्याच कॉलेजची आहे," थोरली म्हणाली. आणि धाकटीच्या पिशवीतून वही काढून तिनेच ती उघडून पुढे केली. अभिमानाने केली, हे मला अजून दिसतं.

डॉक्टरणीने पानावरून नजर फिरवली. "आजचीच तारीख. एकशे बेचाळीस. हालचाल चांगली. वर मॅडमची सही आहे. मग घाबरता कशाला? बसा तिकडे. ठोक्यांचं मशीन रिकामं झालं की लावू. दीड-दोन तास लागतील."

पानावर वेळ लिहिली होती सकाळी दहा. भिंतीवर सव्वानऊ वाजले होते. डॉक्टरणीच्या ते लक्षात आलं नाही, तिने पुढच्या बाईला हाक मारली.

मी धाकटीकडे बघितलं. तिने वहीकडे बघितलं. चार वर्षं त्या वहीत होती, आणि सही करणाऱ्या मॅडमची नोकरीही. मी बोलू शकले असते. पण पान तिचं होतं. मी मनात ठरवलं, दहापर्यंत मोजायचं, मग मी ओरडणार. पोटातल्या जिवावर मी ते आकडे उधळले, हेही लिहून ठेवते. सहापर्यंत आले तेव्हा ती बोलली.

"डॉक्टर, ते पान खोटं आहे."

"काय?"

"मी आठ दिवसांत तिला तपासलंच नाही. आकडे रविवारी मनाने लिहिले. सकाळी मला बाळाचे ठोके सापडले नाहीत. काल संध्याकाळपासून हालचाल नाही."

डॉक्टरीण खुर्ची मागे पाडून उठली. थोरली मात्र जागची हलली नाही. ती बहिणीकडे बघत राहिली. तिला ढकलतच आत न्यावं लागलं.

मशीन लावलं. खोलीत ठोके ऐकू आले. आधी ठीक चालले, मग बुडाले, खूप वेळ बुडालेलेच राहिले, मग कसेबसे वर आले. परत बुडाले. मला डिग्री लागत नाही ते कळायला. डॉक्टरीण म्हणाली, "आत्ता सिझरला घ्यायचं. सही कोण करतंय?" मी केली. मराठीत केली.

दार बंद झालं. बाकावर आम्ही दोघी. एक वयस्क सिस्टर येऊन वही काढून घेऊन गेली. जाताना एवढंच म्हणाली, "यावर्षी परीक्षेचा विचार सोड." धाकटी "हो" म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

पोर बाहेर आणलं तेव्हा ते निळसर होतं आणि रडत नव्हतं. दोन सिस्टर त्याला घेऊन आमच्या समोरून धावत गेल्या. धाकटी त्यांच्या मागे गेली.

दुपारी थोरली पुऱ्या भुलीतून जागी झाली. ओठ कोरडे पडलेले, डोळे धड उघडत नव्हते. धाकटी उशाशी वाकून म्हणाली, "अक्का, मुलगी झाली. श्वास घेतेय. मी स्वतः बघून आले."

थोरलीने मान फिरवली. माझ्याकडे.

"अज्जी, तू जाऊन बघ," ती म्हणाली, "आणि तू सांग."

धाकटी बाजूला सरली. मी उठले. आतल्या खोलीत काचेच्या पेटीत ती होती. नाकात नळी, पायाला चिकटवलेली वायर, छाती भराभर वरखाली होत होती. मी तिथे उभी राहिले आणि बघितलं. मिनिटभर, पुरतं. तिथल्या सिस्टरला विचारलं, "जगेल का?" ती म्हणाली, "आज रात्र जाऊ द्या, अज्जी."

परत आले. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "जिवंत आहे. नळी लावलीय. उद्यापर्यंत कुणाला काही सांगता येत नाही. हिने सांगितलं ते खरं आहे."

थोरली म्हणाली, "सरी. बरं." डोळे मिटले. धाकटीने पुढे केलेला पाण्याने भिजवलेला कापूस तिने ओठांना लावू दिला नाही. तो मी घेतला आणि लावला.