जोडावरचा दोरा

जाम गावच्या चौरस्त्यामागच्या वस्तीत शेजारी म्हणत, "चिंधू मास्टरचे दात सोडले तं सारं अंग हालते." या बोलण्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. चिंधू थूल खाटेवर बसले की त्यांचा गुडघा हलू लागे, उभे राहिले की बोटे मांडीवर नसलेली छिद्रे दाबू लागत, आणि जेवताना ते दोनदा तरी उठून दारापर्यंत जाऊन येत. नागपूरच्या बाजूने कोणती गाडी आली, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. क्लॅरोनेट ओठांना लावल्यावर मात्र हाच माणूस खुंटासारखा उभा राही. वरचे दोन दात माउथपीसवर टेकलेले, खालचा ओठ आत मुडपलेला, डोळे अर्धे मिटलेले. पुंडलिकरावांच्या बँडमध्ये ते एकतीस वर्षे पुढच्या रांगेत वाजवीत आले होते.

गेल्या ज्येष्ठात, लग्नसराईच्या शेवटच्या आठवड्यात, एका वरातीत वरचा सूर धरून असताना त्यांना समोरचा डावा दात मागे सरकल्यासारखा वाटला. सूर फाटला. ताशाच्या गजरात वऱ्हाडाला ते कळले नाही, पुंडलिकरावांना कळले.

"रीड गेली का, मास्टर?"

"हो, रीडच," चिंधू मास्तरांनी सांगितले. ते खोटे होते, माउथपीसवरची ती वेताची पट्टी धड होती, आणि एस.टी.ने घरी पोहोचेपर्यंत त्यांच्या जिभेने तो दात शंभर वेळा चाचपून पाहिला होता.

पुढचे पंधरा दिवस जीभ त्या दातापासून हटली नाही. ते बोलता बोलता थांबत, आरशाकडे जात, हिरडी वर करून पाहत, परत येत आणि पुन्हा जात. हिरडी लाल होती, फुगलेली होती, दातापासून थोडी सुटल्यासारखी दिसत होती. त्यांनी तुरटीच्या गुळण्या केल्या, मीठ चोळले, लवंग धरून पाहिली. दात हलतच राहिला. शेवटी त्यांनी पुंडलिकरावांना खरे काय ते सांगितले. पुंडलिकराव कपड्याच्या दुकानात गल्ल्यामागे बसले होते. बँड त्यांच्या वडिलांनी सुरू केला होता, आणि त्यांनी तो दुकानाइतक्याच गंभीरपणे चालवला होता.

"पाह्य मास्टर," ते म्हणाले, "मी काई तुले काढून नाई राह्यलो. पन तुळशीच्या लग्नानंतर पयली वरात समुद्रपूरची हाये. तवा वाजवू शकला तं पुढं तूच. नाई तं मले कॅसिओवाल्या रत्नदीपले पुढं घ्या लागन."

म्हणजे कार्तिकापर्यंत मुदत होती. पावणेपाच महिने. ज्याला पाच मिनिटे एका जागी बसवत नाही, अशा माणसाला ही मुदत फार लहान आणि फार मोठीही होती.

त्या संध्याकाळी ते नेहमीप्रमाणे क्लॅरोनेटचे तुकडे वेगळे करून साफ करीत होते. दोरीच्या टोकाला वजन बांधायचे, दुसऱ्या टोकाला मऊ फडके, आणि ती दोरी नळीतून ओढून काढायची. वाजवून झाले की आतली ओल पुसल्याशिवाय ते पेटी बंद करीत नसत. मग जोड तपासायचे. जोडांवरचे बूच कधीच झिजून गेले होते, त्या जागी त्यांनी मेण लावलेला दोरा गुंडाळला होता. तो दोरा सैल झाला तर तुकडे हलतात आणि सूर गळतो.

मास्तरांच्या पत्नी मीराबाई भाकरी थापता थापता हे पाहत होत्या.

"त्या काळ्या नळीले रोज अंदरून पुसता," त्या म्हणाल्या. "आपल्या तोंडाले काऊन नाई?"

"रोज घासतो ना."

"वरून घासता. अंदरून कोन पाह्यते? खर्रा बसला असन तिथं मयनो न मयने." तंबाखू-सुपारीचा घोटलेला खर्रा मास्तर दिवसभर गालात धरीत.

दुसऱ्या दिवशी ते वर्ध्याला गेले. क्लॅरोनेटची पेटी सोबत होती. डॉक्टर हर्षा गावंडे यांच्या दातांच्या दवाखान्यात त्यांच्या आधी चार जण होते. तेवढ्या वेळात ते तीनदा नळावर पाणी पिऊन आले आणि एकदा बसस्थानकाकडे निम्म्या वाटेपर्यंत जाऊन परतले. डॉक्टर तिशीच्या आत-बाहेरच्या. त्यांनी एक बारीक काडीसारखे हत्यार हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती काडी दोन-तीन मिलिमीटर जाते. मास्तरांच्या समोरच्या दातापाशी सहा गेली.

"काका, तुमचा दात किडलेला नाही," त्या म्हणाल्या. "त्याला धरून ठेवणारी हिरडी सुजली आहे आणि खालचं हाड थोडं झिजलं आहे. गेलेलं हाड परत येईल असं मी सांगणार नाही. उरलेलं टिकवता येईल. मी दोन बैठकांत आतून स्वच्छ करून देते. पुढचं काम तुमचं, आणि ते रोजचं."

"मी वाजवू शकतो का?"

"वाजवता म्हणजे नेमकं काय करता?"

मास्तरांनी तिथेच पेटी उघडली, तुकडे जोडले आणि खुर्चीवर अर्धवट आडवे असतानाच एक सूर काढला. बाहेर बसलेल्या रुग्णांतली एक बाई दचकून दारात आली. डॉक्टरांनी वाकून, दात नेमके कुठे टेकतात आणि किती दाब पडतो, ते पाहून घेतले.

दोन बैठकांत दात हिरडीच्या आतून खरवडून झाले. समोरचे हलणारे दात डॉक्टरांनी मागच्या बाजूने शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधले. खर्रा बंद, असे बजावले. ब्रश हिरडीकडे थोडा तिरका धरायचा, जोर लावायचा नाही, आणि दिवसातून एकदा दोन दातांमधून दोरा फिरवायचा. त्यांनी मास्तरांना दोऱ्याची एक छोटी डबी दिली, आणि बांधलेल्या दातांमधून दोरा ओवायला प्लॅस्टिकची सुईही दिली.

घरी आल्यावर मास्तरांनी त्या डबीतला दोरा दोन बोटांत ताणून पाहिला आणि बाजूला ठेवला. दोरा कसा असतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पेटीत मेण लावलेल्या दोऱ्याचे रीळ होते, याच्यापेक्षा मजबूत. त्यांनी हातभर तोडून घेतला, दातांच्या फटीत खसकन घातला आणि करवत चालवावी तसा मागेपुढे ओढला. तेही अंगणात फेऱ्या मारता मारता, कारण बसवत नव्हते. पहिल्याच दिवशी दोरा लाल झाला. दुसऱ्या दिवशी जास्त. चौथ्या दिवशी हिरडीवर चीर पडली.

खर्रा सोडल्यामुळे तगमग आणखी वाढली होती. हात सारखा खिशाकडे जाई. शेजारच्या हरिदासची पानटपरी चौरस्त्यावर होती, आणि काही घ्यायचे नसले तरी मास्तर तिथे दिवसातून दहा वेळा जाऊन येत.

"तोंडात दोरा घालून फिरून राह्यला, मास्टर," हरिदास खर्रा घोटता घोटता म्हणाला. "पतंग उडवता का जिभेनं?"

"रगत येऊन राह्यलं बे."

"मंग? खर्रा खात होता तवा येत होतं का?"

मास्तर थबकले. खरेच येत नव्हते.

"पाह्य," हरिदास म्हणाला, "बरं चाललं होतं. त्या पोरीनं बिघडवून टाकलं तुमचं तोंड."

आठ दिवस दोरा बंद राहिला. त्या आठ दिवसांत मास्तरांनी एका कागदावर कार्तिकापर्यंतचे दिवस मोजले, कागद फाडला आणि पुन्हा मोजले. खर्रा त्यांनी खाल्ला नाही, याचे कारण मीराबाई होत्या. त्यांनी एवढेच म्हटले होते, "खा ना. मंग कॅसिओच्या मांगं चालजा, झेंडा धरून." नवव्या दिवशी ते भांडायच्या तयारीने वर्ध्याला पोहोचले.

डॉक्टरांनी तोंड पाहिले. "हे कशानं कापलं?"

मास्तरांनी खिशातून रीळ काढून दाखवले.

"काका!" त्यांनी ते रीळ बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "खर्रा होता तेव्हा रक्त येत नव्हतं, कारण तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळून धरल्या होत्या. दुखणं होतंच, दिसत नव्हतं. सुजलेली हिरडी साफ करायला लागलो की आठ-दहा दिवस थोडं रक्त येतं आणि कमी होत जातं. त्याच वेळी थांबलं, की सूज तशीच राहते. नाहीच कमी झालं तर माझ्याकडे यायचं. पण ही चीर सुजेची नाही, तुमच्या हाताची आहे. कसं करता, दाखवा."

मास्तरांनी हवेतच मागेपुढे ओढून दाखवले.

"असं नाही. मी दिलेला दोरा हातभर घ्यायचा, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायचा, मध्ये दोन बोटांएवढाच ठेवायचा. हलकेच सरकवत आत न्यायचा, झटका नाही. आत गेला की दाताला मिठी मारल्यासारखा वळवायचा आणि वर-खाली पुसायचं, हिरडीच्या जरा आतपर्यंत. मग शेजारच्या दाताला तसंच. दर फटीला दोऱ्याचा नवा भाग."

"मिठी मंजे?"

त्यांनी बोटाला दोरा लावून दाखवला. मास्तरांना ते पटेना. ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. मग त्यांनी पेटी उघडली आणि क्लॅरोनेटचा एक तुकडा बाहेर काढला. जोडावरचा दोरा अंगठ्याने थोडा उकलला आणि पुन्हा गुंडाळून दाखवला. दोरा जोडाला आडवा घासत नव्हता. गोलाईला चिकटून बसत होता.

"असं?"

"असंच," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी असंच."

मास्तरांनी जोडावरच्या दोऱ्याचे टोक पुन्हा आत दाबले. "मंग मी येवढे दिवस जोड कापून राह्यलो होतो," ते म्हणाले.

त्यानंतर अडचण एकच उरली, बसण्याची. प्रत्येक फटीत दोन्ही बाजूंनी, शेवटच्या दाढेच्या मागूनही दोरा फिरवायचा, बांधलेल्या दातांत सुईने ओवून घ्यायचा, म्हणजे दहा मिनिटे लागत. मास्तर दोन मिनिटांत उठत. दोरा बोटांवरून सुटे, सुई मातीत पडे, फट विसरली जाई. मीराबाईंनी अखेर दाराच्या चौकटीला खिळा ठोकून आरसा टांगला आणि समोर स्टूल ठेवले, सकाळचे ऊन तोंडात पडेल असे. "पेटी मांडीवर घ्या," त्यांनी सांगितले. पेटी मांडीवर असली म्हणजे गुडघा हलवता येत नसे, कारण मग कड्या वाजत. मास्तरांना तो आवाज सहन होत नसे.

श्रावणाच्या मध्यावर एका सकाळी दोरा पांढराच बाहेर आला. त्यांनी विश्वास न बसून पुन्हा फिरवला. मग दिवसभर त्यांची येरझार आणखी वाढली, कारण रक्त थांबले असले तरी दात जागचा पक्का झाला नव्हता. पूर्वीपेक्षा कमी हलत होता, एवढेच. भाद्रपदात डॉक्टरांनी पुन्हा मोजले. सहाचे चार झाले होते. वाजवायला त्यांनी हरकत घेतली नाही, मात्र वीस मिनिटांवर सलग नको, असे सांगितले. मास्तरांनी सायकलच्या ट्यूबचा एक पातळ तुकडा कापून माउथपीसवर, दात टेकतात तिथे, चिकटवला.

समुद्रपूरची वरात सकाळी अकराला निघाली. रत्नदीप कॅसिओचा की-बोर्ड घेऊन हातगाडीपाशी तयार उभा होता, पुंडलिकराव दोघांच्या मध्ये. मास्तर सुरुवातीला खालच्या सुरांवरच राहिले. त्यांची जीभ वाजवतानाही दाताकडे धावत होती, आणि दोन ठिकाणी हवा निसटली. चौकात नवरदेवाचा घोडा थांबला, नाचणाऱ्यांनी रिंगण धरले, आणि आता वरचा सूर टाळता येणार नव्हता. त्यांनी तो घेतला. दात दाबाखाली किंचित हलला आणि तिथेच राहिला. सूर फाटला नाही.

पुंडलिकरावांनी रत्नदीपकडे वळून हाताने खूण केली, कॅसिओचा आवाज कमी कर.

यंदाची लग्नसराई अशीच पार पडली, वीस वीस मिनिटांच्या तुकड्यांत. ती संपल्यावर दुसऱ्याच सकाळी हरिदास टपरी उघडायला निघाला, तर मास्तर आरशासमोर स्टुलावर बसलेले, मांडीवर पेटी, दोन्ही हातांची बोटे तोंडात. तो त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय मास्टर, सीझन तं निंगून गेला. आता काऊन दोरा घालून राह्यले? दात पक्का झाला ना?"

चिंधू मास्तरांनी बोटे बाहेर काढली.

"नाई झाला. हालतेच. म्हणूनच घालून राह्यलो. सरक तिकडं, उजेड आडवून राह्यला."