बंद मॉनिटरची थरथर

असल्या गोष्टी कोणी सांगू लागलं की मी उठून जायचे. विज्ञानाची पदवी आहे माझी... म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

दोन हजार सहाच्या सुमारास पनवेलला तहसील कचेरीजवळ दादाचं आणि माझं डीटीपीचं दुकान होतं. एकाच टेबलावर दोन जुने, मागे फुगलेले मॉनिटर, अगदी चिकटून. दोन्ही चालू असले की माझ्या स्क्रीनवरची अक्षरं थरथरायची. मेकॅनिक म्हणाला, "एकाचं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्याला त्रास देतं. लांब ठेवा." जागा कुठे होती? मग मी प्रूफ वाचायला बसले की दादा आपला मॉनिटर बंद करून चहाला जायचा. "वाच सावकाश. तुझ्या प्रूफांपायी चहाचं व्यसन लागलंय मला," म्हणायचा.

त्याच वर्षी दादा गेला. छातीत दुखत होतं, वहिनीला वाटलं अ‍ॅसिडिटी. मी तिला एका शब्दाने दोष दिला नाही... तिच्याशी बोलणंच सोडलं.

दशक्रियेची पत्रिका मीच करायला घेतली. नेहमीसारखी दुसऱ्या कुणाच्या पत्रिकेची जुनी फाइल उघडून नावं बदलली आणि वाचू लागले, तर अक्षरं थरथरायला लागली. दादाचा मॉनिटर बंद होता. त्याची वायर मीच काढून गुंडाळून ठेवली होती. पंखा बंद केला, स्टॅबिलायझर बदलला. दुसरी कुठलीही फाइल स्थिर — पत्रिका उघडली की थरथर.

मेकॅनिकला बोलावलं. त्यालाही ती दिसली. "ताई, बंद मॉनिटर काय करणार?" म्हणाला. "तुम्ही घरी जा, जरा झोपा."

शेवटी प्रिंट काढून कागदावर वाचलं. शोकाकुल मंडळींत आई होती, काका होते, मी होते. वहिनी नव्हती. ही पत्रिका आमच्या गव्हाण गावात घरोघर गेली असती, तर सासरच्या घरात तिला कोणी उभं केलं नसतं.

मी तिचं नाव सगळ्यांच्या वर घातलं. अक्षरं थांबली.

छापून आल्यावर पत्रिका तिच्या हातात दिली. नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "तुमी माजा नाव नाय घालनार, असा वाटलेला मना, ताई."

स्क्रीन का थरथरली, हे ना मेकॅनिकला सांगता आलं, ना मला. नंतर मी ती जुनी फाइल पुन्हा उघडून पाहिली. तिच्यात 'पत्नी' अशी ओळ होती. दादाच्या पत्रिकेतून ती मी कधी पुसली, मला आठवत नाही.