भावोजींचं मलम आणि जाऊबाईंची हनुवटी

आमचे थोरले भावोजी दुकानांची लोखंडी शटरं दुरुस्त करतात. गल्लीतल्या निम्म्या दुकानांत उजाडतं ते आपल्यामुळे, असं ते सांगतात. देवाचा वाटा त्यात धरत नाहीत. अडकलेलं शटर एका हिसक्यात डोक्यावर न्यायचं आणि हात झटकत सगळ्यांकडे बघायचं, ही त्यांची ऐट. कुणी हात लावायला आलं तर त्याला टाळ्यांची तयारी ठेवायला सांगायचे.

गेल्या वर्षी चष्म्याच्या दुकानाचं शटर कमरेपर्यंत आलं आणि तिथेच रुसलं. शेवटी चष्मेवाल्याने हातभार लावला आणि भल्यासाठीच म्हणाला, की काका, जड कामं आता दुसऱ्या कुणाला देत जा. ते भावोजींच्या जिव्हारी लागलं. काम सोडून घरी बसायचं म्हणजे जिवंतपणीच भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसणं, असं त्यांचं मत.

मग बागेत व्यायामाला येणाऱ्या एका ओळखीच्याने त्यांचे कान भरले. वय झालं की पुरुषाच्या अंगातलं हार्मोन कमी होतं, तेवढं बाहेरून भरलं की गडी पुन्हा उभा. त्याने तेच हार्मोन असलेल्या जेलची एक ट्यूबही दिली, खांद्याला लावायची. डॉक्टर नाही, तपासणी नाही. जाऊबाईंनी विचारलं, तेव्हा सांधेदुखीचं मलम म्हणून भावोजी मोकळे झाले.

इथेच घोटाळा झाला. नवऱ्याचे खांदे दुखतात म्हटल्यावर ती माउली गप्प बसते होय! रोज अंघोळ झाली की त्यांना स्टुलावर बसवायचं आणि देवाचं नाव घेत तळहाताने ते मलम चांगलं जिरवायचं. अडवावं तर खरं सांगावं लागणार, म्हणून भावोजी डोळे मिटून सेवा घेत राहिले.

हळूहळू त्यांना आपले दंड भरल्यासारखे वाटू लागले. शटरांना तसं काही वाटलं नाही. इकडे जाऊबाईंच्या गालावर पुटकुळ्या आल्या, हनुवटीवर राठ केस आले, आवाज घोगरा झाला. प्रार्थनेला त्या माझ्या शेजारी बसतात; मला सारखं वाटायचं, त्यांच्या जागी कुणी पुरुष येऊन बसलाय. या वयात तारुण्य फुटलं म्हणून मी चिडवलं, त्याही हसल्या. पण एकदा स्वयंपाकघरात डोळे पुसताना दिसल्या. काही मोठं दुखणं तर नाही ना, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी विचारलं, घरात कुणी अंगाला काही लावतं का. जाऊबाईंनी भोळेपणाने मलमाचं सांगितलं. बाईंनी बोलावलं म्हणून दुसऱ्या दिवशी ट्यूबसकट भावोजी दवाखान्यात हजर झाले आणि खाली मान घालून सगळं कबूल केलं.

बाईंनी ते लावणं बंद करायला सांगितलं आणि काही आठवड्यांनी रक्त तपासलं. भावोजींचं हार्मोन वयाच्या मानाने ठीक निघालं. वयाबरोबर ते उतरतंच, म्हणाल्या. ज्यांचं खरोखर फार कमी असतं आणि त्याचा त्रासही होतो, त्यांनाच तपासून, लक्ष ठेवून देतात. इतरांचे स्नायू थोडे भरतीलही, पण गेलेली वर्षं ट्यूबमधून परत येत नाहीत. उलट रक्त दाट व्हायची भीती. आणि हे कातडीवरून दुसऱ्याच्या अंगात जातं. आता जाऊबाईंच्या पुटकुळ्या जातील, केसही कमी होतील, आवाजाची खात्री नाही.

भावोजी घरी आले. हत्यारांची पिशवी उचलून त्यांनी कोपऱ्यात सरकवली आणि म्हणाले, "संपलं. आता नाही जमायचं."

जाऊबाई पदर खोचून पुढे झाल्या. त्या नव्या जाड आवाजात म्हणाल्या, "संपलं कसं? तुमचा जोर सगळा माझ्या अंगात आलाय. उद्यापासून एका बाजूला मी धरणार."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच देवाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शिंप्याच्या दुकानासमोर वाकलेले दिसले. शटर वर गेलं. भावोजींनी सवयीने हात झटकले, इकडेतिकडे पाहिलं आणि मग हळूच बाजूला सरकून जाऊबाईंना मधोमध उभं केलं.