कॅप्टनची धाकटी बहीण

माणसांना त्यांचं वजन विचारणं हे तिचं पोटापाण्याचं काम होतं. फोनवर कोणी म्हणालं, "विमान भाड्याने मिळेल का हो?" की ती आधी कुठे जायचंय, कधी जायचंय, कितीजण आहात ते विचारून घ्यायची आणि मग आवाज जरा मऊ करून म्हणायची, "प्रत्येकाचं वजन सांगता का?" लहान विमानात ते विचारावंच लागतं. कोण पुढे बसेल, कोण मागे, सामान किती न्यायचं, सगळं त्यावर ठरतं. बायका थोडंफार चोरायच्या. पुरुष मात्र अख्खं पोट गायब करायचे. एकदा एक कापडाचा व्यापारी भडकून म्हणाला, "अहो बाई, मला विमानात बसायचंय, लग्नाला उभं राहायचं नाही." ती म्हणाली, "लग्नात खोटं बोललेलं चालतं, साहेब. विमानात चालत नाही." तो इतका हसला की पुढे दरवेळी तिच्याकडूनच विमान बुक करायचा.

विमानतळ नगरपालिकेचं होतं. कारखान्यांच्या मागे एक धावपट्टी, खाली खुर्च्या मांडलेली प्रवाशांची खोली आणि वर काचेची कंट्रोलची खोली. गवत कापायला पालिकेचा ट्रॅक्टर यायचा, तोच दुसऱ्या दिवशी कचरा ओढायचा. मोठ्या कंपन्यांची विमानं इथे उतरत नसत. चार्टरचा धंदा करणारी कंपनी एकच, तिचं विमानही एकच, आणि त्या विमानाचा कायमचा पायलटही एकच. तो तिचा थोरला भाऊ.

सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे आणि तिला चार्टरताई. वडील गेले तेव्हा ती शाळेतसुद्धा जात नव्हती आणि दादाला मिसरूड फुटलेली होती. आई कामाला जायची, म्हणून हिची वेणी दादा घालायचा. इतकी घट्ट घालायचा की डोळे ताणले जायचे. "सैल घाल ना," ती रडायची. "सैल घातली तर दुपारपर्यंत सुटते, बारके," तो म्हणायचा. तो सगळंच असं करायचा. विमानाभोवती फेरी मारताना एकेक खिळा डोळ्यांनी चाचपायचा. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची कारणं नातेवाइकांनी पुष्कळ शोधली, तिने शोधली नाहीत. दादाने तिला या नोकरीत आणलं, आणि बहीण-भावाचा दिवस एकाच छताखाली जायला लागला. तो उडायचा, ती त्याला उडवायला माणसं मिळवायची. कारखानदार, गायक, निवडणुकीतले उमेदवार. कधी आसनं काढून स्ट्रेचर बसवायचं, कधी शवपेटी.

ती गोष्ट पहिल्यांदा घडली ती प्रवाशांच्या खोलीत. दादा चहाचा कप घेऊन उभा होता, कोणाशी तरी बोलत होता, आणि बोलता बोलता थांबला. कप तिरका झाला. गरम चहा त्याच्या पांढऱ्या शर्टावरून खाली ओघळत राहिला आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. डोळे उघडे, ओठ मात्र काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. ती धावली. ती पोचेपर्यंत तो भानावर आला होता. शर्टाकडे बघून म्हणाला, "हे कोणी सांडलं?"

लोक हसले. तीही हसली. पण संध्याकाळपर्यंत ती त्याच्या हातातल्या प्रत्येक कपाकडे बघत राहिली.

दुसऱ्यांदा घडलं ते दादाच्या घरी, जेवताना. घास हातात, हात हवेत, ओठांचं तेच चघळणं. वहिनीने पाहिलं आणि झटकन नजर वळवली. त्या वळवलेल्या नजरेवरून तिला कळलं, की वहिनी हे पहिल्यांदा बघत नव्हती.

भांडी आवरताना तिने विषय काढला. "वहिनी, हे कधीपासून चाललंय?"

"काय?"

"तुला माहितीये काय."

वहिनीने नळ मोठा सोडला. "दमतो तो. वय झालंय. तू उगाच डोक्यात काही घेऊ नकोस. आणि कोणाजवळ बोलू तर मुळीच नकोस. विमान काढून घेतलंत ना त्याच्याकडून, तर मागे काय उरेल ते मला सांभाळायचंय, तुला नाही."

ती दादाशी बोलली. तो आधी हसला, मग चिडला, मग तिच्या हट्टापायी डॉक्टरांकडे जाऊनही आला. "सगळं ठणठणीत आहे," म्हणाला. तिने विचारलं, "चहाचं सांगितलंस त्यांना?" तो म्हणाला, "काय सांगायचं? चहा सांडला म्हणून?" म्हणजे त्याने काहीच सांगितलं नव्हतं. तिनेही मग विषय सोडून दिला. एवढ्या वर्षांत दादाने तिच्याशी कधी खोटेपणा केला नव्हता, त्यामुळे खोटेपणाला काय उत्तर द्यायचं ते तिला येत नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. तिला वाटायला लागलं, आपलंच चुकलं असेल.

मग एक म्हातारा पेशंट आला. गावातल्या एका निवृत्त मास्तरांच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली होती; ती कधीही फुटेल, ताबडतोब राजधानीच्या इस्पितळात न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रस्त्याने अख्खा दिवस, विमानाने दीड तास. मास्तरांच्या लेकीने सकाळी फोन केला. आवाज कापत होता, पण वजनं तिने अचूक सांगितली. ताईने सगळं भराभर जुळवलं. मागची आसनं निघाली, स्ट्रेचर बसलं, बरोबर जाणारी नर्स मिळाली. मास्तर आले ते शुद्धीत होते. स्ट्रेचरवरून तिच्याकडे बघून म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसतोय, आणि तेसुद्धा आडवा."

त्यांना आत चढवून ती खाली उतरली आणि दादाला शोधायला विमानाच्या पलीकडे गेली. तो पंखाच्या टोकाशी उभा होता. एक हात पंखावर. तिने हाक मारली. तो वळला नाही. ती समोर गेली. डोळे उघडे होते, ओठ हलत होते, आणि त्या डोळ्यांत ती नव्हती, विमान नव्हतं, काहीच नव्हतं.

तो भानावर आला तेव्हा ती त्याचा दंड धरून उभी होती.

"दादा, तू आज जायचं नाहीस."

"चल, बाजूला हो. पेशंट आत आहे."

"आत्ता तुझं भान गेलं होतं. मी इथेच उभी होते. हाक मारली तुला."

"रात्रभर झोप नाही मला. बास." त्याने हात सोडवून घेतला. "बारके, तो माणूस मरेल. समजतंय तुला? दीड तासाचा प्रश्न आहे."

ती ऑफिसकडे पळाली आणि कंपनीच्या मालकांना फोन लावून पाहिलेलं सांगितलं. मालक म्हणाले, "एवढी फेरी होऊ दे. परत आला की बघू, तपासून घेऊ सगळं." तिने सांगितलं, "परत आला तर." मालक म्हणाले, "ताई, अभद्र बोलू नका," आणि फोन ठेवला. वर कंट्रोलला सांगावं तर तिथला माणूस पहिल्यांदा मालकांनाच विचारणार होता. बाहेर दादा विमानात चढताना दिसत होता.

ती परत धावत गेली. दार अजून उघडं होतं. पायऱ्या चढून, मान वाकवून ती आत शिरली. पुढे दादा कानाला हेडफोन लावत होता. मागे मास्तर, त्यांची लेक, नर्स. ती लेकीकडे बघून बोलली, पण दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"तुम्ही या विमानातून जाऊ नका. पायलट आजारी आहे. त्याला मधेच भान राहत नाही. मी आत्ता डोळ्यांनी बघितलंय."

लेकीला आधी काही उमगेना. "म्हणजे? तुम्ही कोण? तुम्हीच तर बुकिंग केलंत ना?"

"हो. मी त्याची बहीण आहे."

दादाने हेडफोन काढला. तो मागे वळला. फक्त तिच्याकडे बघितलं. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

पुढे जे झालं ते एकदम झालं. नर्स म्हणाली, मी नाही येणार. लेक रडायला लागली, मग ओरडायला लागली. मास्तरांना उतरवलं. ताईने शेजारच्या शहरातल्या कंपनीला फोन लावला. त्यांचं विमान संध्याकाळशिवाय येऊ शकत नव्हतं. तोवर थांबू नका, निघा, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. मास्तरांना अँब्युलन्समध्ये घातलं आणि अँब्युलन्स रस्त्याला लागली.

मास्तर वाटेतच गेले. अर्धाही रस्ता झाला नव्हता.

मालकांनी तिला त्याच दिवशी कामावरून काढून घरी पाठवलं. दादाच्या तपासण्या झाल्या. आता डॉक्टरांना सगळं सांगितलेलं होतं, त्यामुळे त्यांनी नेमकं तेच शोधलं आणि त्यांना ते सापडलं. अपस्माराचा एक प्रकार, माणूस पडत नाही, झटके येत नाहीत, नुसता थोडा वेळ नाहीसा होतो. परवाना कायमचा गेला. "आणखी किती दिवस निभावलं असतं?" असं वहिनीने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित वर्षभर. कदाचित तो दिवससुद्धा नाही." गावात मात्र ज्याला त्याला सांगता येत होतं. निम्मे म्हणत, बाईने तिघांचा जीव वाचवला. निम्मे म्हणत, मास्तरांना मारलं. ती समोर आली की दोन्हीकडचे विषय बदलायचे.

ती मास्तरांच्या घरी गेली. लेकीने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

"तुम्ही तेव्हा खरं बोललात का?" लेकीने विचारलं.

"हो."

"मला वाटलं होतं, तुमचं भावाशी काही भांडण असेल. तसं निघावं असं फार वाटत होतं मला." ती थोडा वेळ चौकटीवरचा रंग नखाने खरवडत राहिली. "आता मी चिडू कोणावर, ते सांगा."

"माझ्यावर चिडा."

"नाही येत चिडता," लेक म्हणाली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

दादा तिच्याशी बोलायचा बंद झाला. ती गेली की तो उठून आतल्या खोलीत जायचा. वहिनी मात्र तिला जाऊ देत नसे. भाजी निवडायला बसवायची, आणि दादाने औषध घेतलं का, काल किती वेळा तसं झालं, ते हळू आवाजात सांगायची. आता ती नजर वळवत नव्हती. ताईला बसगाड्यांच्या आरक्षणाच्या खिडकीवर नोकरी मिळाली. काम सोपं होतं आणि खिडकीआड कोणी ओळखत नव्हतं.

वर्ष उलटलं असेल. एके दुपारी वहिनीचा फोन आला: जिना उतरताना दादाचं भान गेलं आणि पायरी चुकून तो पडला होता, खुबा मोडला होता. ती इस्पितळात गेली तेव्हा वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. आता तो उठून आतल्या खोलीत जाऊ शकत नव्हता. ती खाटेजवळच्या स्टुलावर बसली. 

"मी पोचवलं असतं त्यांना," दादा म्हणाला. त्याचा आवाज तिने इतक्या दिवसांनी ऐकला की आधी तिला फक्त आवाजच ऐकू आला, शब्द मागून.

"पोचवलं असतंस, कदाचित."

"कदाचित नाही."

तिने त्याची चादर सरळ केली.

"तू मला आधी का नाही थांबवलंस?" तो म्हणाला. "घरी असताना. त्या दिवशी लोकांसमोर उतरवलंस, त्यापेक्षा आधी का नाही? मला कोणी धरूनच ठेवलं नाही."

याचं उत्तर तिने त्या वर्षभरात रोज शोधलं होतं. "भ्यायले," ती म्हणाली. "तू चिडशील म्हणून."

दादाने डोळे मिटले. त्याच्या मिटलेल्या पापण्यांखाली काय चाललंय ते तिला कळेना. झोप, राग की पुन्हा तेच. ती उठून जवळ वाकली आणि त्याचे ओठ बघत राहिली. ते स्थिर होते.

"बघतेस काय," डोळे न उघडता तो म्हणाला. "आहे मी इथेच."

ती परत स्टुलावर बसली. वहिनी वर आली, औषधांची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आज रात्री तू थांब. मला घरी जाऊन यायचंय."

दादा नाही म्हणाला नाही.