विहिरीचे पाच लिटर

अमरावतीच्या दवाखान्यात बायकोला दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध द्यायचे. अशा आठ खेपा झाल्या. तिथल्या हॉलमध्ये समुद्राच्या पाण्याची टाकी होती. आत मासे, जिवंत प्रवाळ. बायकोचं माहेर बाळापूरकडच्या खारपाणपट्ट्यातलं. तिसऱ्या खेपेला ती टाकीजवळ बसून म्हणाली, "एवढं खारं पाणी अन एवढे रंग! आमच्या विहिरीचं हरभऱ्याले देलं त हरभरा जयते." थोड्या वेळानं म्हणाली, "आपल्या घरी जगंन काय हे?"

मी म्हटलं, हिशेब करून सांगतो.

जानेवारीत ती गेली. सांगायचं राहिलं.

मार्चमध्ये अकोल्याच्या घरी बैठकीत टाकी लावली. दोनशे लिटर आरओचं पाणी, सात किलो समुद्री मीठ, वाळू, खडक. खडकावर जिवाणू बसेपर्यंत आत काही सोडायचं नसतं. एकोणचाळीस दिवस मी रोज पाणी तपासलं आणि आकडे वहीत लिहिले. लोक विचारायचे, यात मन रमतं का? रमत नव्हतं. आकडा यायचा, मी लिहायचो.

पाणी सव्वीस अंशांवर राहावं म्हणून वर दोन पंखे लावले होते. त्यांच्यामुळे रोज अडीच लिटर पाणी उडायचं. मीठ उडत नाही, ते टाकीतच राहतं. म्हणून भर गोड्या पाण्याचीच घालायची. प्रवाळ आणायला दोन दिवस अमरावतीला गेलो, तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ घरी थांबला. त्याला आरओचा कॅन दाखवला, काचेवरची रेघ दाखवली.

परतलो तर पाणी बरोबर रेघेवर होतं. आरओचा कॅन मात्र जसाच्या तसा भरलेला, आणि शेजारी दुसरा कॅन, अर्धा.

"हे कोणतं पाणी?"

"आपल्या विहिरीचं, भाऊजी. गावावरून येताना आणलं. खाऱ्यात गोडं टाकाले मन नाई झालं माहं."

"अरे, सांगून गेलो होतो ना मी?"

"आमच्याइथं माणसाले गोडं पाणी नाई, अन तुमी मासोळ्याईसाठी मीठ इकत आणता!" तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याचा आवाज उतरला. "ताईनं लय शेंदलं हे पाणी. म्हटलं, तिच्या टाकीत थोडं असू द्या. बिघडलं काय?"

पिशवीत प्रवाळ चार तासांपासून होतं. रुपयाएवढं, हिरवं. मी वही घेतली. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे चार ग्रॅम क्षार धरले, तर पाच लिटरचे वीस. टाकीत सात हजार ग्रॅम. ज्या पाण्यानं हरभरा जळतो, त्याचा टाकीला पत्ताही लागला नव्हता. मीटरवर खारेपणा आदल्या आठवड्याइतकाच. पण शेतातल्या खताचं काय काय त्या पाण्यात उतरलं असेल, ते माझ्या चाचण्यांना कळत नाही.

"बिघडलं नाही," मी म्हटलं. "पण वीस लिटर बदलून टाकू."

त्यानं बादल्या उचलून टाकीतलं वीस लिटर काढलं. मी आधी मीठ कालवून ठेवलेलं पाणी ओतलं. पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवली, मग तासभर तिच्यात थेंब थेंब टाकीचं पाणी सोडलं आणि प्रवाळ खडकावर बसवलं. ते आकसून वाटाण्याएवढं झालं.

सकाळी सव्वासहाला पाहिलं. पूर्ण उघडलं होतं. मेहुणा आधीच खुर्ची ओढून समोर बसला होता.

"जगंन काय, भाऊजी?"

"एका दिवसावरून सांगता येत नाही," मी म्हटलं. वहीत लिहिलं: सव्वीस अंश, उघडलं.

विहिरीचं पाणी अजून कॅनमध्ये होतं. मी त्यातलं दोन कप घेऊन चहा टाकला. दूध घातल्यावर किंचित फाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो होतो, तेव्हाचा चहा असाच होता. आम्ही दोघांनी तो टाकीसमोर बसून प्यायला.