पडद्यामागची बासरी

टाळ्या पडल्या, पण माह्याकडं तोंड करून नाई. "काय देखणा गडी हाय, अन् वाजवते बी काय," समोरून कोणी बाई बोलली. मी जन्माचा आंधया. मले देखणा कोणी म्हनत नाई. हात पुढं केला तं जाड कापड लागलं. पडदा.

मले बसवताना मास्तर म्हने, "वारा लागू नये म्हणून बांधलाय."

हा मास्तर अमरावतीचा. मेळघाटात आमच्या कोरकू गावात शाळेवर होता. माह्या अंगणात बसून कुटकीचा भात खाये, माह्या मायले माय म्हने. "तुझी बासरी शहराला ऐकवू, गोरा साहेब येणार आहे," म्हने. मी भुललो. त्याचाच हात धरून राजापेठेत वकिलाच्या बंगल्यावर, मांडवात आलो.

"मास्तर, पुढं कोन बसला?"

"हळू बोल. वकिलाचा मुलगा आहे, तुमच्या लोकांसारखी पिसं लावून. तो नुसती बोटं हलवतो. साहेबासमोर तुझे ते डोळे बरे दिसत नाहीत."

अंगाची लाही लाही झाली. खाल्ल्या घरचे वासे मोजनारा मानूस. माह्या अंगणात हेच डोये त्याले दिसत नव्हते काय?

आमच्यात बासरीवाला नाचाच्या मधात उभा रायते. बाया हात धरून त्याच्या भोवती फिरतेत. त्यायच्या पायाचा ठेका ऐकाचा अन् बासरी फुंकाची. नाचनारे अन् बासरीवाला यांच्या मधात कोनी उभं रायत नाई. माह्या बापानं मले बासरी दिली तवा पयलं हेच सांगितलं होतं.

"चल, दुसरी चाल घे," मास्तर म्हने.

घेतली. चाल रंगात आली अन् बासरी तोंडापासून काढली. पुढं वकिलाच्या पोराची बोटं चालूच असतीन. आधी एक जन हासला, मंग सारा मांडव.

मास्तरनं माहा दंड घट्ट आवयला. "माझी अब्रू घालवतोस? वाजव."

"तुयी अब्रू तू पाह्य. मधात कोनी उभं रायत नाई."

पडदा हिसडला. खाली पडला. काठी टेकत मांडवाच्या मधातून निघालो. कोनी हासलं नाई, कोनी टाळी बी नाई वाजवली.

तवापासून शहरात पाय नाई टाकला. ज्याले बासरी आयकाची त्यानं मेळघाट चढावा, नाचाच्या गोलात यावं, माह्या डोयांकडं तोंड करून उभं रावं. मास्तर दारात आला तं पानी देईन. बासरी त्याले आयकवनार नाई, मी जिता हाय तोवर.