रहिमनचाचीचा नकार

रहिमनचाचीकडे बांगड्या भरायच्या म्हणजे बोलणी खायची. "हात हाय का ओंडका? सोड सैल!" म्हणत ती बोटं अशी दाबायची की डोळ्यांत पाणी यायचं. बांगडी पिचली तर दोष आमचाच. गोड बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. पण चाकणच्या अलीकडच्या आमच्या गावात बांगड्या भरणारी ती एकटीच.

तिचा एकुलता एक मुलगा हुसेन दुसऱ्या महायुद्धात फौजेतून लढताना इटलीत पडला. तिथल्याच एका गावात त्याला पुरलं होतं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी त्या गावाने आमच्याकडे निरोप धाडला : दोन्ही गावं जोडगावं होऊ द्या, येणंजाणं ठेवू, तुमच्या दवाखान्याला मदत करू. माझे सासरे सरपंच. त्यांना आभाळ ठेंगणं झालं. मांडव पडला, कमान उभी राहिली. हुसेनच्या आईने पाहुण्यांना हार घालायचा, हेही त्यांनी परस्पर ठरवलं. चाचीला सगळ्यात शेवटी सांगितलं.

"मी न्हाई घालायची."

"गावाचं भलं व्हतंय, चाची."

"पोरगा गावाचा गेला व्हय? माझा गेलाय."

तरी समारंभाच्या दिवशी ती आली. तरातरा मांडवात शिरून पाहुण्यांच्या म्हाताऱ्या प्रमुखापुढे उभी राहिली आणि पुण्याहून आणलेल्या दुभाष्याला म्हणाली, "इचार ह्याला. माझ्या हुसेनचं डोळं कुणी मिटलं?"

म्हातारा आपल्या भाषेत काही बोलला. मग दुभाष्याने त्याचं उत्तर सांगितलं, "त्यांना माहीत नाही. लढाई गावातच चालली होती. सगळे तळघरात लपले होते."

"पोरगं दारात मेलं आन् दार उघडलं न्हाई. आता दोस्ती कराया आलाय?"

सासरे तिला बाहेर काढायला धावले. म्हाताऱ्याने त्यांना हातानेच थांबवलं आणि समोरचा जोडगावांचा करार मिटून ठेवला. पाहुणे सही न करताच परतले. दवाखान्याची मदतही बारगळली.

"तिच्या ओट्यावर कुणी पाय ठिवायचा न्हाई," सासऱ्यांनी बजावलं. गावाने ऐकलं. बायका बांगड्यांसाठी चाकणच्या बाजाराला जाऊ लागल्या. चाची विहिरीवर आली की बोलणं बंद व्हायचं. तिच्या आळीतलेही तिला टाळू लागले. शेवटी तिने जुन्नरला बहिणीकडे जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी सकाळीच, सगळ्यांदेखत मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले, हात पुढे केले.

"सरपंचाची सून ना तू? ऊठ. दया दावाया आलीस व्हय?"

"नाही चाची. तुम्ही विचारलंत, त्यात काय चुकलं?"

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. "मग त्या दिशी तोंड का न्हाई उघडलंस?" म्हणाली, आणि बांधलेलं गाठोडं सोडलं. बांगड्या भरताना एकदाही खेकसली नाही.

दुपारी भाकरी वाढताना सासऱ्यांचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं.

"कुणाकडं भरल्यास?"

"चाचीकडे."

ते ताटावरून उठले. पुढे कधीच माझ्या हातचं जेवले नाहीत.

चाची परत गावात आली नाही. तिच्या मयतीची खबर आली, तेव्हा आमच्या गावातून जुन्नरला गेले ती मी एकटीच.